दस्त्याला गेलेला तडा

सप्टेंबरमधल्या एका मंगळवारी माझी बायको ऑफिसला गेली आणि परत आली नाही. अकरा वाजता ती मीटिंगमध्ये खुर्चीवरून खाली पडली. एक वाजता मला फोन आला. चार वाजता डॉक्टरांनी सांगितलं की मेंदूत रक्तस्राव झाला होता आणि ती गेली.

त्यानंतर नवव्या दिवशी पोलिसांच्या बंदूक परवाना विभागातून एक बाई घरी आल्या. परवाना तिच्या नावावर होता, त्यामुळे बंदूक आता माझ्या घरात राहू शकत नव्हती. त्यांनी बूट दाराशी काढले, चहा नको म्हणाल्या आणि वरच्या खोलीतल्या लोखंडी कपाटासमोर उभ्या राहिल्या.

“चावी कुठे असते?”

“मला माहीत नाही.”

“बरोबर उत्तर,” त्या म्हणाल्या. “बहुतेक नवऱ्यांना माहीत असते. मग मला जादा फॉर्म भरावे लागतात.”

कायद्याने चावीची जागा फक्त परवाना असलेल्यालाच ठाऊक असायला हवी, आणि माझी बायको कायदा पाळणारी होती. हॉस्पिटलमधून परत आलेल्या तिच्या बॅगेत, चष्म्याच्या घरात, ती चावी सापडली. बाईंनी नळी घेतली, कागदावरचा नंबर ताडून पाहिला आणि ती लांब पिशवीत घातली. दस्ता, म्हणजे खांद्याला टेकवायचा मागचा भाग, मात्र त्यांनी पलंगावरच ठेवला.

“हा नको मला. नुसता हा म्हणजे बंदूक नव्हे, प्लॅस्टिकचा तुकडा. तुम्हाला ठेवता येईल.” मग त्यांनी तो उचलून उजेडात धरला. “हा तर तडकलाय. काय झालं होतं?”

मी दस्ता त्यांच्या हातून परत घेतला. त्यांना वाटलं असेल की मला रडू आवरत नाहीये. तसं नव्हतं. उत्तर मला माहीत होतं, आणि मी ते ज्या माणसाला द्यायचं होतं त्या माणसाला दिलं नव्हतं.

ती ठासणीची बंदूक होती. पुढून, नळीच्या तोंडातून आधी दारू ओतायची, मग गोळी ठेवायची, मग गजाने ती तळापर्यंत ठासायची. एक गोळी झाडायला चार-पाच मिनिटं लागत. ऑफिसातल्या कुणीतरी एका रविवारी तिला ब्रिस्टलबाहेरच्या नेमबाजी क्लबमध्ये नेलं आणि तिला तो संथपणा आवडला. मी सोबत जात असे, गाडीत किंवा शेडमध्ये पुस्तक वाचत बसत असे आणि फ्लास्कमधला चहा ओतत असे. मी एका कॉलेजच्या लायब्ररीत काम करतो. मला बंदुकीतलं काही कळत नाही.

क्लबमधल्या म्हाताऱ्यांच्या बंदुकांचे दस्ते अक्रोडाच्या लाकडाचे होते. माझ्या बायकोचा करड्या प्लॅस्टिकचा. रेंजवर देखरेख करणारा एक निवृत्त पोस्टमन होता. त्याने पहिल्याच दिवशी विचारलं होतं, “ही बंदूक आहे की बादली?”

“बादली,” ती म्हणाली. “तुमच्या लाकडासारखी पावसात फुगत नाही.”

तेव्हापासून त्यांची मैत्री. तो तिला ‘बादलीवाली’ म्हणत असे आणि ती त्याला ‘टपाल’.

दसऱ्याला आमच्याकडे सगळ्या हत्यारांची पूजा होत असे. माझी दोन पुस्तकं, मुलीची जुनी पाटी, बायकोचा कॅलिपर आणि भिंग, आणि बंदुकीचा दस्ता. नळी कपाटातच राही, कारण पूजा मी करत असे आणि नळी माझ्या हाती देणं कायद्यात बसत नव्हतं. “देवीला अर्धं शस्त्र चालतं,” ती म्हणायची. मी गंधाच्या बोटाने दस्त्याच्या मुठीवर कुंकू लावायचो, दोन फुलं वाहायचो. मुठीवर पकड यावी म्हणून बारीक खाचा होत्या, त्यात कुंकू जाऊन बसे.

एका वर्षी ते तसंच राहिलं. रविवारी रेंजवर कुणीतरी बोट दाखवून विचारलं, “रक्त आहे का ते?”

“हो,” ती म्हणाली. “मागच्या रेंज ऑफिसरचं.”

सगळे हसले. टपाल सर्वांत मोठ्याने हसला. मी कपात चहा ओतत होतो आणि माझे कान तापले होते. का तापले ते मला आजही नीट सांगता येणार नाही. तीस वर्षं इथे राहूनही, माझ्या घरातलं काही बाहेर कुणी पाहिलं आणि त्यावर हसलं की मला कुठेतरी लपावंसं वाटतं. तिला तसं कधी वाटलं नाही. ती ट्रेनमध्ये मोठ्याने मराठीत बोलत असे.

पुढच्या दसऱ्याला पूजा झाल्यावर ती फोनवर बोलत बागेत गेली. मी ओल्या फडक्याने कुंकू पुसलं. खाचांमधलं निघेना. बाथरूमच्या कपाटात मुलीची नेल वार्निश रिमूव्हरची बाटली होती. ती मँचेस्टरहून गणपतीला आली तेव्हा विसरून गेलेली. कापसाच्या बोळ्याने मी एकेक खाच स्वच्छ केली. मूठ जिथे निमुळती होऊन स्क्रूच्या भोकाकडे जाते तिथपर्यंत कुंकू ओघळलं होतं, तेही काढलं. प्लॅस्टिक जरा चिकट लागलं आणि थोडं निस्तेज दिसलं. मी त्यावर खोबरेल तेलाचं बोट फिरवलं. ते पुन्हा पहिल्यासारखं दिसू लागलं.

मार्चमध्ये, एका रविवारी, टपालने गोळीबाराआधी दस्त्यावरून अंगठा फिरवला आणि मान हलवली. “बादली गळायला लागली,” तो म्हणाला. मग हसू बाजूला ठेवून म्हणाला, “हिने आज झाडायचं नाही. कारण शोध, मग ये.”

स्क्रूच्या भोकापासून मुठीकडे केसाएवढा तडा गेला होता.

तिच्यासाठी ते अवघड काम नव्हतं. विमानांचे भाग का तडकतात हे शोधणं हीच तिची नोकरी होती. घरी येऊन तिने खिडकीजवळ टेबल ओढलं, दस्त्यावर टाल्कम पावडर चोळून फुंकर मारली. पांढऱ्या रेषेत तडा स्पष्ट उमटला, आणि त्याच्या बाजूला आणखी तीन-चार छोट्या रेषा. भिंग लावून ती बराच वेळ पाहत राहिली. मग वहीत कारणांची यादी केली. स्क्रू जास्त आवळला. दारू जास्त भरली. नळी धुताना उकळतं पाणी आत शिरलं. थंडीत गाडीत राहिली. मुळातच सदोष. सॉल्व्हंट.

“अरे,” ती मान वर न करता म्हणाली, “ह्याला तू काही लावलं होतंस का? थिनर, स्पिरिट, असलं काही?”

“नाही गं. ओलं फडकं फक्त.”

“नक्की?”

“नक्की.”

“बरं.” तिने शेवटच्या कारणावर रेघ मारली. “ऑफिसात हा प्रश्न विचारला की सगळे खोटं बोलतात, मग लॅबला पाठवावं लागतं. घरी बरं आहे.”

ती रागावली असती म्हणून मी खोटं बोललो असं नाही. ती एक संध्याकाळ रागावली असती. पण मी काय लावलं हे सांगितलं असतं तर का लावलं हेही सांगावं लागलं असतं. ज्या गोष्टीवर ती सगळ्यांदेखत विनोद करू शकली, ती मला लपवावीशी वाटली, हे सांगावं लागलं असतं. मला वाटलं, उद्या सांगू.

त्या वेळी दुकानदाराकडे तसाच एक नवा दस्ता शिल्लक होता. मीच म्हणालो, घेऊन टाक. तिने ऐकलं नाही. कारण कळल्याशिवाय भाग बदलायचा नाही, हा तिचा कामातला नियम होता. नाहीतर नवाही तसाच जातो. जूनमध्ये तिने पुन्हा फोन केला तेव्हा तो विकला गेला होता आणि कंपनीने बनवणंच बंद केलं होतं.

ते चार महिने मी पाहिले आहेत. स्क्रू किती आवळला ते मोजणारा टॉर्क रेंच तिने ऑफिसातल्या दुसऱ्या रेंचशी ताडून पाहिला. दारू मोजायचं माप पुन्हा पुन्हा तपासलं. गेल्या वर्षीच्या थंडीतले रविवार आठवून आठवून लिहिले. एकेक कारण खोडलं जात होतं. एप्रिलमध्ये तिने तड्याच्या टोकाशी बारीक भोक पाडलं, म्हणजे तो पुढे सरकणार नाही. तो भोकाला वळसा घालून पुढे गेला. मे महिन्यात मुठीचा सगळा पृष्ठभाग पॉलिश पेपरने घासून तिने तड्यात इपॉक्सीचं चिकट मिश्रण भरलं. आठवडाभराने ते खपलीसारखं निघालं.

“विचित्र आहे,” ती म्हणाली. “असं व्हायला नको.”

मी तोंड उघडलं होतं. मी म्हणालो, “चहा टाकू?”

जुलैत क्लबची वर्षातली मोठी स्पर्धा असते. ती दरवर्षी भाग घेत असे. क्लबच्या बंदुकीने झाड, असं टपाल म्हणाला, पण दुसऱ्याची बंदूक तिला नको होती. आम्ही नुसते बघायला गेलो. शेडमध्ये सगळे जमले होते.

“काय मग, सापडलं का कारण?” टपालने विचारलं.

“सापडलं. मीच.” तिने हात वर केला. “स्क्रू जास्त आवळला. बाकी सगळं तपासून झालं, एवढंच उरलं.”

“बघा!” तो बाकीच्यांना म्हणाला. “विमानं बनवते म्हणे. मी आता सुट्टीला बोटीने जाणार.”

खूप हशा झाला. तीही हसली. पण तिच्या मानेवर लाल डाग उठले होते. ते फक्त लाज वाटली की उठत. पंचवीस वर्षांत मी ते दोनदा पाहिले होते. मी तिच्या शेजारी उभा होतो आणि माझ्या हातात तिचा कप होता.

परत येताना ती गाडी चालवत होती. बेडमिन्स्टरच्या सिग्नलला म्हणाली, “वीस वर्षं टॉर्क रेंच हातात आहे. कसं झालं असेल रे?”

“होतं कधीकधी,” मी म्हणालो.

त्यानंतर नऊ आठवडे ती होती. सांगायला एक मिनिट लागलं असतं.

मुलगी पंधरा दिवस राहून गेली. बाटली तिची होती हे मी तिला सांगितलं नाही, पुढेही सांगणार नाही. एवढंच म्हणालो की दस्ता माझ्यामुळे खराब झाला आणि आईला ते कळलं नाही.

“बाबा, प्लीज,” ती म्हणाली. “एक प्लॅस्टिकचा पीस आहे तो. आई त्यासाठी नाही गेला.” ती गडबडली की तिच्या मराठीतलं लिंग चुकतं. तिने माझा हात धरला. ती म्हणाली ते खरं होतं, आणि त्याचा मला काही उपयोग नव्हता.

नोव्हेंबरमध्ये टपाल घरी आला. क्लबमधल्या सगळ्यांच्या सह्यांचं कार्ड आणि टिनचा डबाभर केक घेऊन. मी ठरवून ठेवलं होतं. तो बसल्यावर मी दस्ता आणून टेबलावर ठेवला आणि सगळं सांगितलं. पूजा, कुंकू, कापूस, बाटली, तिने विचारलेला प्रश्न, मी दिलेलं उत्तर. म्हणालो, तुम्ही क्लबमध्ये सांगा. स्क्रू तिने बरोबर आवळला होता.

तो बराच वेळ दस्ता फिरवून पाहत राहिला. चष्मा काढून पाहिलं, घालून पाहिलं.

“सॉल्व्हंटने गेला असता तर वर बारीक तड्यांची जाळी दिसली असती,” तो म्हणाला. “इथे काही नाही.”

“तिने घासून काढलं. इपॉक्सीसाठी.”

“हं.” त्याने दस्ता खाली ठेवला. “माझी बायको गेली तेव्हा मी वर्षभर सांगत होतो की मी तिला जिन्याचा बल्ब बदलायला सांगायला नको होतं. ती कॅन्सरने गेली होती.”

“हे तसं नाही.”

“ऐक. तिने मला स्वतः सांगितलं होतं, सॉल्व्हंट नाही, तपासलंय. ती तपासलंय म्हणाली की तपासलेलं असायचं. तुझ्यापेक्षा तिच्या शब्दावर माझा जास्त विश्वास आहे. राग नको मानूस.”

मी वही आणली. यादीच्या तळाशी तिच्या अक्षरात होतं: सॉल्व्हंट, नाही, त्याला विचारलं. टपालला मराठी वाचता येत नव्हतं, म्हणून मी त्या ओळीवर बोट ठेवून अर्थ सांगितला.

“तेच तर,” तो म्हणाला. “विचारलं होतं तिने.”

मी परत एकदा सुरुवातीपासून सांगायला लागलो. त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, केक उद्यापर्यंत संपव, त्यात क्रीम आहे. दारात त्याने वळून सांगितलं की स्पर्धेच्या दिवशी तिच्या नावाने एक मिनिट शांत उभं राहायचं ठरलं आहे, मी यावं. मी गेलो नाही.

पोलिसांकडे असलेली नळी मी डीलरमार्फत मोडीत काढायला दिली. परवाना परत गेला. लोखंडी कपाट एका माणसाने भिंतीतून काढून नेलं आणि चार भोकं बुजवून दिली.

दस्ता घरी आहे. वहीत शेवटच्या पानावर कारण म्हणून तिने स्वतःचं नाव लिहिलं आहे. क्लबमध्ये सगळ्यांना माहीत आहे की स्क्रू तिने जास्त आवळला.