तो डॅक मी निवडला नव्हता

माझा उजवा कान जवळजवळ गेलेला आहे, हे मी आजवर कोणालाही सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. डहाणूत मला ओळखणारी माणसं उलटंच समजतात. कोणाला घरी चांगली सिस्टीम बसवायची झाली की म्हणतात, त्यांना विचारा, त्यांना कान आहे.

तलासरीच्या एका कारखान्यात मी सुपरवायझर होतो. माझ्या टेबलाच्या उजव्या अंगाला, पत्र्याच्या पार्टिशनपलीकडं, दिवसभर धडधडणारा कॉम्प्रेसर. कानात घालायचे बोळे मिळायचे, ते खणात पडून असत. आमच्यात सुपरवायझरची किंमत ठरायची ती चालत्या यंत्रांच्या रांगेतून बिघडलेलं बेअरिंग नुसत्या आवाजावरून ओळखण्यावर. बोळे घालून फिरणारा म्हणजे चष्मा घरी विसरलेला शिंपी, अशी थट्टा चालायची. ती थट्टा आपल्या वाट्याला येऊ नये म्हणून मी कान उघडा ठेवला आणि घालवला. कानांच्या वार्षिक तपासणीत काचेतून तपासणाऱ्याचं बोट दिसायचं. त्यानं बटण दाबलं की मी हात वर करायचो. दरवर्षी पास.

२०१५ साली घोलवडच्या माझ्या गुजराती मित्रानं मुंबईच्या एका दुकानातून दोन डॅक आठवड्याच्या बोलीवर आणले. कॉम्प्युटरमधल्या गाण्याच्या फाइलीत नुसते आकडे असतात. त्या आकड्यांचा अॅम्प्लिफायरला समजेल असा आवाज करणारी डबी म्हणजे डॅक. एक मी ठेवायचा, एक परत जायचा आणि मी ठेवीन तसाच तो स्वतःसाठी मागवणार, असं ठरलं होतं. त्याची चिकूची वाडी आहे. रविवारी सकाळी दोन्ही खोकी नि चिकूंची पिशवी घेऊन तो आमच्याकडं आला.

"बोल ने उस्ताद, कयो राखवानो? तू म्हणशील तो ठेवायचा."

एका गायिकेच्या मैफलीचं जुनं रेकॉर्डिंग लावलं. ते मला तोंडपाठ होतं. आलटूनपालटून दोन्ही डॅक जोडले. एक जरा मोठ्यानं वाजायचा, आणि मोठा आवाज कोणालाही चांगलाच वाटतो. म्हणून आधी दोन्हींचा आवाज सारखा करून घ्या, असं मीच लोकांना सांगत आलो होतो. त्या दिवशी मी तो सारखा केला नाही. केला असता तर मला दोन्ही एकच वाटले असते.

"हा," मी मोठ्यानं वाजणाऱ्यावर बोट ठेवलं. "याच्यात भरीवपणा आहे."

तेवढ्यात स्वयंपाकघरातून बायको दारात आली. हाताला पीठ.

"अहो, आधीच्या डबीत तो खोकणारा माणूस छान ऐकू येत होता. तो कुठं गेला?"

"कोण खोकलं?"

"उजवीकडं, मागं. बाई आलाप सोडतात ना, तेव्हा."

"तुला काय कळतंय यातलं? भाकरी करपेल, बघ."

मित्रानं डॅक बदलला, गाणं मागं नेलं आणि स्पीकरकडं वाकला. "भाभी साचुं बोले छे! खोकला आहे यार!" मग मांडीवर थाप मारून हसला. "उस्ताद, तुझा कान स्वयंपाकघरात राहायला गेला काय?"

मला काहीही ऐकू आलं नव्हतं. मी म्हणालो, "मला केव्हाच कळलं होतं. तुमची परीक्षा घेत होतो."

बायकोनं माझ्याकडं पाहिलं. "हो का?" म्हणाली आणि आत गेली.

तिनं सांगितलेला डॅक आमच्याकडं राहिला, मित्राकडंही तसाच आला, आणि खोकल्याची ती गोष्ट माझ्या नावावर घोलवडपासून तलासरीपर्यंत फिरली. लोक आपापले डॅक घेऊन येऊ लागले. नाही म्हणता येईना. मग मी तिला हाक मारायचो, "जरा ही वायर धर गं." वायर धरून उभी असताना ती सहज काहीतरी बोलायची. ह्यात बाईचा श्वास कळतो, ह्यात तबला लांब गेला. पाहुणा जायला निघाला की गेटपाशी तेच मी त्याला माझं म्हणून सांगायचो.

२०१८ च्या उन्हाळ्यात कैनाडला तिच्या भावाकडं हळद होती. मी येणार नाही म्हणालो, त्यावरून सकाळी वाजलं. ती मागच्या दारी पाणी भरायला गेली, मी बाहेरच्या खोलीत गाणं लावून, डावा कान स्पीकरकडं करून बसलो. बऱ्याच वेळानं शेजारची बाई माझ्यासमोर उभी राहून ओरडायला लागली तेव्हा मी उठलो. बायको मागच्या दारच्या मोरीत पडली होती, पाय घोट्यातून वाकडा.

"चार हाका मारल्या," ती शेजारणीला सांगत होती. "सकाळचा राग आहे त्यांना."

तेव्हा बोलता आलं असतं. पण ऐकू आलं नाही म्हटलं असतं तर गल्लीला कळलं असतं, गल्लीतून कारखान्यात गेलं असतं, आणि त्या रविवारची परीक्षाही उघडी पडली असती. बायकोच्या हाका ऐकून न उठणारा नवरा होणं मला बहिरा उस्ताद होण्यापेक्षा सोपं वाटलं. मी एवढंच म्हणालो, "रिक्षा आणतो."

रिक्षात ती माझ्या उजवीकडं बसली होती. बाहेर बघत काहीतरी बोलली. काय, ते मला माहीत नाही. विचारणं म्हणजे कबूल करणं, म्हणून विचारलं नाही.

पाय बरा झाला, थोडं लंगडणं तेवढं राहिलं. तेव्हापासून ती मला हाक मारत नाही. काम असलं की लंगडत माझ्यापर्यंत येते, समोर उभी राहते, मग बोलते. येणारेजाणारे म्हणतात, वहिनी किती मान ठेवतात तुमचा.

२०१९ मध्ये मी नोकरी सोडली. कारखान्याचं कारण संपलं, तरी बोललो नाही. मी तिला दोन गोष्टी सांगायचं देणं लागतो. त्या सकाळी तिची एकही हाक मला ऐकू आली नव्हती; राग नव्हता, कान नव्हता. आणि तो डॅक तिनं निवडला होता. दुसरी गोष्ट मित्रासमोर सांगायची आहे. दोन्ही अजून सांगितलेल्या नाहीत.