अर्धे पान वाचकांचे

विमलताई भगत यांची आणि माझी ओळख भांडणातून झाली. तेव्हा मी यवतमाळच्या एका दैनिकात उपसंपादक होतो आणि वाचकांच्या पत्रांचे सदर माझ्याकडे होते. दिग्रसहून एका शिक्षिकेची पत्रे नेमाने येत. अक्षर सुवाच्य, मजकूर मुद्देसूद; फार हात लावावा लागत नसे. एकदा त्यांनी कापूस खरेदी केंद्राबाहेर बैलगाड्यांची रांग लागते, तिथे पिण्याच्या पाण्याची सोय नाही, याविषयी लिहिले होते. पत्राच्या शेवटी माहिती देणाऱ्या सात जणांची नावे होती. जागा कमी होती, म्हणून मी नावे काढली आणि पत्र छापले.

तिसऱ्या दिवशी दुपारी एक बाई कार्यालयात आल्या. सुती साडी, खांद्याला शबनम पिशवी, हातात आमचा अंक.

"हे पत्र कुणी लावलं?"

मी म्हणालो, "मीच. चांगलं होतं. नावं तेवढी गेली, जागा नव्हती."

"मग माझं नाव कापायचं होतं," त्या शांतपणे म्हणाल्या. "रांगेत ते उभे होते. मी नव्हते."

पुढच्या आठवड्यात ती सात नावे आम्ही छापली. त्यानंतर त्यांचे पत्र कापताना माझी कात्री नेहमी जरा थबकत असे.

ताईंचे वडील दिग्रसच्या एका जिनिंगमध्ये कापसाच्या गठाणी बांधण्याच्या कामावर होते. धम्मदीक्षेनंतरच्या पहिल्या पिढीतल्या अनेक घरांप्रमाणे त्यांच्या घरातही पोटाला चिमटा घेऊन मुलींना शिकवले गेले. ताई शिक्षिका झाल्या आणि निवृत्तीपर्यंत दिग्रस आणि आसपासच्या शाळांतच राहिल्या. त्यांच्या हाताखालून गेलेले विद्यार्थी याच गौरवग्रंथात त्याविषयी लिहिणार आहेत, तेव्हा मी त्यात शिरत नाही. मला सांगायचे आहे ते त्यांच्या लिहिण्याविषयी. खरे तर लिहिण्याआधी आणि लिहिल्यानंतर त्या जे करतात त्याविषयी.

कापसाचा भाव कोसळत होता आणि बोंडअळी शेत सोडायला तयार नव्हती, ती ही वर्षे. बाहेरगावचे पत्रकार जिल्ह्यात येत, दोन दिवस राहत, ठरलेले चार प्रश्न विचारत आणि परत जात. आम्ही स्थानिक लोकही त्याहून फार वेगळे काही करत नव्हतो. ताईंचे घर बाजार समितीच्या रस्त्यावर आहे. त्यांनी शाळेतून मोडीत निघालेला एक फळा आणला, कुंपणाच्या भिंतीला टांगला आणि दर सोमवारी त्यावर एक प्रश्न लिहायला सुरुवात केली. 'यंदा वावरात पहिल्यांदा काय लावले?' 'आईने केलेली कोणती भाजी आता घरात होत नाही?' खाली खडू ठेवलेला असे. गाड्यांच्या रांगेत ताटकळणारे लोक येऊन लिहीत. लिहिता येत नसे ते ओट्यावर बसून सांगत आणि ताई वहीत उतरवून घेत.

'ब्लॉग' हा शब्द तेव्हा आमच्याकडे नवा होता. बसस्थानकाजवळच्या सायबर कॅफेचे मालक सलीमभाई यांनी ताईंना तो उघडून दिला आणि मराठी टंकलेखन शिकवले. बदल्यात ताईंनी त्यांच्या मुलीचा दहावीचा मराठीचा अभ्यास घेतला. एका बोटाने टाइप करणाऱ्या ताईंना सलीमभाई म्हणत, "मॅडम, इतनी देर में तो कपास का बोंड फूट जाता."

ताईंचे उत्तर असे, "फुटू द्या. वेचायला माणसं आहेत."

ब्लॉग पुण्या-मुंबईत वाचला जाऊ लागला, परदेशातूनही प्रतिक्रिया येऊ लागल्या. ताईंना मात्र एक गोष्ट खुपत होती. ज्यांच्या बोलण्यावर तो उभा होता त्यांच्यापर्यंतच तो पोहोचत नव्हता. मग त्या प्रत्येक लेख छापून त्याच भिंतीवर लावू लागल्या. छपाईत त्यांनी पानाचा उजवा अर्धा भाग कोरा सोडला आणि बाजूला दोरीला पेन बांधले. लोक त्या कोऱ्या भागात लिहीत: 'हे बरोबर नाही', 'आमच्या ढाणकीकडे असे नसते', 'बाई, इतके गोड लिहू नका.' शनिवारी ताई ते पान उतरवीत आणि त्यावरचा शब्द न् शब्द ब्लॉगवर मूळ लेखाच्या खाली टाकीत. मी एकदा कागद वाया जातो म्हणालो. त्या म्हणाल्या, "अर्धं पान त्यांचं आहे. माझ्या अर्ध्यात मी वाया घालवते ते बघा आधी."

हे सगळे सुरळीत चालले असताना एक चूक झाली. गौरवग्रंथात चुकीची गोष्ट लिहावी का, असे काहींना वाटेल. पण ती चूक आणि तिच्यानंतर ताई जशा वागल्या ते वगळले, तर ताईंविषयी लिहिण्यासारखे माझ्याकडे थोडेच उरते.

उन्हाळ्याच्या तोंडाशी फळ्यावर प्रश्न होता, 'तुमच्या घरात पीक कोण ठरवते?' खाली पुरुषांच्या अक्षरात 'मीच' आणि 'मी' यांची रांग लागली होती. आठवड्याच्या शेवटी कौसल्याबाई नावाच्या एक बाई ओट्यावर येऊन बसल्या. जवळच्याच एका गावातल्या कास्तकार घरातल्या सून. नाव लिहू नका, असे सांगून त्या मोकळेपणाने बोलल्या. घरच्या एका वावरात यंदा कपाशीऐवजी ज्वारी लावायची त्यांनी मनाशी ठरवले होते. बियाणे आणून कोठीमागे झाकूनही ठेवले होते. सासऱ्यांना आणि नवऱ्याला पेरणीच्या तोंडावर सांगणार होत्या, एकदम.

ताईंनी नाव लिहिले नाही. गावही लिहिले नाही. पण कौसल्याबाईंच्या बोलण्यात आलेले 'मुंज्याचं वावर' तसेच ठेवले. आमच्या दैनिकाच्या रविवारच्या पुरवणीत तो लेख घेतला गेला आणि तपासला मी.

आमच्या भागात प्रत्येक वावराला नाव असते आणि माणसापेक्षा वावराचे नाव जास्त लोकांना ठाऊक असते. त्या पंचक्रोशीत मुंज्याचे वावर एकच होते. मी नेर तालुक्यातल्या शेतकरी घरातला. हे मला कळायला हवे होते. मी शुद्धलेखन पाहिले आणि पान सोडले. ताईंचे मात्र वेगळे होते. त्या पुढे मला म्हणाल्या, "आमच्या घरी वावरच नव्हतं, तर त्याला नाव कुठलं असणार? मला वाटलं, मुंज्याचं झाड गावोगावी असतं, तसंच हेही असेल."

बाजारात आलेल्या गावकऱ्यांनी भिंतीवरचे पान वाचले आणि संध्याकाळपर्यंत गोष्ट गावात पोहोचली. सासऱ्यांनी, म्हणजे महादेवरावांनी, ज्वारीची थैली कोठीमागून काढून दाराबाहेर ठेवली आणि सुनेला सांगितले, यंदा वावरात पाय ठेवायचा नाही. ज्या बाईने अनेक वर्षांत पहिल्यांदा स्वतःच्या मनाने काही ठरवले होते, तिचे तेवढेही गेले, आणि ते आमच्या लिहिण्यामुळे गेले.

ताईंना हे कळले त्याच दिवशी त्यांचा फोन आला. "उद्या मी जातेय. तुम्हीही चला, तुमच्याही पेपरात आलंय."

आम्ही भर दुपारी पोहोचलो. महादेवराव ओसरीत बाजेवर बसले होते. शेजारचे चार-पाच जण आम्हाला पाहून आलेच. कौसल्याबाई दाराच्या आत उभ्या होत्या.

"या मास्तरीनबाई," महादेवराव म्हणाले. "घरात चोरी झाली तं लोक पेपरात देतेत. तुमी तं घरातलं बोलनंच चोरून पेपरात देल्लं."

"चूक माझी आहे," ताई म्हणाल्या. "यांचं नाव झाकलं आणि वावर उघडं ठेवलं. तुम्ही लेख वाचलात का?"

"वाचाले कायले पायजे? सारं गाव सांगून राह्यलं."

"मग एकदा ऐका. शिव्या नंतर द्या."

ताईंनी पिशवीतून पान काढले आणि उभ्यानेच, वर्गात वाचावे तसे, सुरुवातीपासून वाचायला लागल्या. कौसल्याबाईंचे शब्द त्यांच्याच बोलीत होते: "निंदाले मी, वेचाले मी, फवाराचं पानी आनाले मी. पन काय लावाचं ते मले कोनी इचारत नाई. सासरे मानूस चांगले हायेत, त्याईनं मले लेकीवानी ठेवलं. पन तीन वर्सं झाले, वावर असून भाकरीची ज्वारी इकत आनून राह्यलो. याची मले लाज वाटते."

महादेवरावांनी हात वर करून थांबवले. "हे लेकीवानीचं, हे आता घातलं का?"

"पहिल्यापासून आहे."

ते शेजाऱ्यांकडे वळले. "मंग तुमी लोकायनं हे काहून नाई सांगतलं?"

एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, "महादेवा, चांगलं सांगाले कोनी पाच कोस येते का?" सगळे हसले. महादेवराव हसले नाहीत, पण बाजेवर सरकून त्यांनी ताईंना बसायला जागा केली.

मग ताई कौसल्याबाईंना म्हणाल्या, "हा लेख मी आज काढून टाकू शकते. पेपरात खुलासाही छापतील. तुम्ही सांगाल तसं."

मला वाटले होते, त्या काढा म्हणतील. त्या दाराबाहेर आल्या. "काढू नका. काढसान तं मी खोटी ठरीन. वावराचं नाव लिवलं, मंग आता माह्यं बी लिवा. मी बोललो, कोनी चोरलं नाई."

महादेवरावांनी दाराबाहेरच्या थैलीकडे पाहिले. मग म्हणाले, "अर्ध्यात ज्वारी लाव. अर्ध्यात कपाशी राहीन. पाहू कोन जितते."

"जितन्याचं नाई, मामाजी," कौसल्याबाई म्हणाल्या. "भाकरीचं हाय."

तो लेख कौसल्याबाईंच्या नावानिशी पुन्हा आला. सगळ्यात वर, ठळक अक्षरात, 'माझी चूक' असे शीर्षक देऊन ताईंनी काय घडले ते लिहिले होते. भिंतीवरच्या कोऱ्या भागात त्या आठवड्यात लोकांनी ताईंना भरपूर सुनावले. तेही त्यांनी जसेच्या तसे ब्लॉगवर टाकले.

त्या दिवसापासून ताईंनी एक शिस्त घालून घेतली. ज्याचे बोलणे त्याला आधी वाचून दाखवायचे, मगच प्रसिद्ध करायचे. त्यासाठी एसटीने जायचे, माणूस भेटला नाही तर पुन्हा जायचे. ब्लॉग मंदावला. कधी तीन-तीन आठवडे काही येत नसे. वेळेवर पान सोडण्यात आयुष्य गेलेल्या मला हे पटेना. मी म्हणालो, "ताई, विषय शिळा होतो."

"शिळा झालेला चालेल," त्या म्हणाल्या. "ज्याचा त्याला परका व्हायला नको."

त्यांच्या मायेचाही एक प्रसंग सांगतो. आमच्या दैनिकाची आवृत्ती बंद झाली आणि मी घरी बसलो. लिहिणे नको, वाचणे नको, असे काही महिने गेले. मग ताईंचे लेख टपालाने येऊ लागले. सोबत चिठ्ठी असे, 'फार लांबलंय. शंभर शब्द कमी करून द्या.' मी कमी करून पाठवी. असे वर्षभर चालले. पुढे सलीमभाईंकडून कळले की ताईंचे लेख मुळात नेमकेच असत. मला कापायला मिळावे म्हणून त्या शेवटी बसून शंभर शब्द वाढवीत आणि त्यासाठी कॅफेत अर्धा तास जास्त थांबत. मी ताईंना विचारले. त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाल्या, "वाढवलेले शब्दच तुम्ही दर वेळी बरोबर कापलेत. हात चांगला आहे तुमचा. वापरा." त्यानंतर मी पुन्हा लिहू लागलो.

आता ताईंचे पंच्याहत्तरावे वर्ष सुरू आहे. डोळ्यांची शस्त्रक्रिया झाली आहे, गुडघे कुरकुरतात, तरी वही चालू आहे. हा लेख लिहून झाल्यावर त्यांच्याच शिस्तीप्रमाणे मी तो त्यांना वाचून दाखवायला दिग्रसला गेलो. त्यांनी पाच विशेषणे काढायला लावली. ती मी काढली. मग विचारले, "कौसल्याबाईंना वाचून दाखवलंत?"

मी नाही म्हणालो. संपादकांना लेख दुसऱ्या दिवशी हवा होता.

"मग अजून झालेला नाही," ताई म्हणाल्या.

संपादकांना फोन करून मी मुदत मागितली. माझ्या नोकरीच्या काळात तसे कधी केले नव्हते. सकाळी त्या गावी गेलो. महादेवराव आता नाहीत. कौसल्याबाईंचे केस पांढरे झाले आहेत. ओसरीत बसून त्यांनी सगळे ऐकले. सासऱ्यांचे बोलणे आले तेव्हा पदराने डोळे टिपले. मी विचारले, "काही काढू का?"

"काई नका काढू. पन आता ते खरं नाई."

"काय खरं नाही?"

"मी ठरवतो म्हून लिवलं ना. आता मी नाई ठरवत, सूनबाई ठरवते. ते यंदा हळद लावाची म्हन्ते. मले बी इचारलं नाई तिनं!" त्या खळखळून हसल्या. आतून सूनबाईंचा आवाज आला, "इचारलं होतं, आत्याबाई. तुमी आयकत नाई." कौसल्याबाईंनी तिकडे दुर्लक्ष केले. "ताईले म्हना, या एकदा. हिले इचारा, मंग लिवा. आन् लिवलं का इथं येऊन वाचून दाखवा. गुडघ्याले तेल लावत जा म्हना."

हा निरोप मी ताईंना पोहोचवला आहे. एसटीचे वेळापत्रक त्यांनी विचारून घेतले आहे. आपल्या सर्वांच्या वतीने मी एवढेच इच्छितो: विमलताईंची नजर साफ राहो, पाय चालते राहोत, आणि सूनबाईंचे सगळे ऐकून, लिहून, ते त्यांना निवांत वाचून दाखवण्याइतके आणि त्या नाही म्हणाल्या तर पुन्हा पहिल्यापासून लिहिण्याइतके भरपूर आयुष्य त्यांना लाभो.