नेमसर्व्हर बदलला आणि माकणीत काका बोलले

भुतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांची मी आजवर तोंडावर चेष्टा केलीय. धाराशिवला माझं वेबसाइट बनवायचं दुकान आहे. बिघडलेल्या गोष्टीला कारण असतंच, यावर तर माझं पोट चालतं. तरी हे लिहितोय. हसायचं तर हसा...

माकणीच्या मावशीचे यजमान, म्हणजे माझे काका, शेळीपालनात लई मुरलेले. त्यांची साइट मीच बनवून दिली होती. शेळ्यांबद्दल स्वतःच्या आवाजात बोलायचे आणि तिथं टाकायचे. दोन वर्षांपूर्वी काका गेले. त्यांचा फोन त्याआधीच धरणाच्या पाण्यात पडलेला, त्यामुळं त्यांचा आवाज उरला तो फक्त साइटवर. मावशी रोज चारा टाकताना तोच ऐकायची.

आणि यंदा ही साइट जिच्या मशीनवर ठेवलेली, ती होस्टिंगवाली कंपनी न सांगता बंद पडली! फोन लावून लावून एक माणूस सापडला, तर म्हणतो कसा, "मशीन भंगारात गेलं साहेब. डेटा विसरा." असं डोकं फिरलं माझं!

नेमसर्व्हर म्हणजे काय, सोपं करून सांगतो. लोहाऱ्याच्या स्टँडवर उतरून एखाद्याचं घर विचारलं की पानटपरीवाला हात करून दाखवतो ना — तसं. तुम्ही साइटचं नाव टाकता, आणि ती कुठल्या मशीनवर राहते ते नेमसर्व्हर सांगतो. मी नवीन होस्टिंग घेतलं, नेमसर्व्हर बदलले आणि तिथं काकांचा फोटो टाकला. दुसरं टाकायला होतंच काय? जुना पत्ता थोडे दिवस इकडंतिकडं रेंगाळतो, म्हणून थांबलो. मग सगळीकडं फोटोच दिसायला लागला. आवाज गेला, हे मावशीला फोनवर सांगायची हिंमत होईना. जीप धरून माकणीला गेलो.

भर दुपार. गोठ्यात पाऊल टाकलं आणि... काकांचा आवाज!

"काळीचं दुसरं करडू अशक्त हाय. त्याला आधी चीक पाज. इसरशील."

मावशीचा फोन खांबाला टेकवलेला. त्यावर जुनी साइट, तीच हिरवी पट्टी. आईशप्पथ! म्हटलं, फोनमध्ये साठलेलं असेल. नेट बंद केलं — आवाज बंद. चालू केलं — काका परत बोलायला लागले. लॅपटॉप तिच्याच नेटला जोडून तपासलं, तर जुनं मशीन उत्तर देत होतं. भंगारात गेलेलं मशीन! माझ्या फोनवर मात्र नुसता फोटो.

"मावशी... काळी कोण?"

"ही काय. कालच व्याली. दोन करडं झाली."

काका गेले तेव्हा ही काळी जन्मलीसुद्धा नव्हती.

"मग... पाजलंस?"

"पाजलं की. बघ, उभं राह्यलंय."

मी तिथंच खाली बसलो. सगळं सांगून टाकलं — कंपनी बंद झाली, मशीन राहिलं नाही, मी पत्ता बदललाय, हे आज ना उद्या थांबणार. मावशीच्या हातातला चारा खाली पडला. तिनं माझा दंड घट्ट धरला.

"पत्ता बदललास, ते ह्यांना सांगितलंस का रं? आता ह्यांनी कुठं यायचं?"

तिथंच गोठ्यात बसून मी जुने नेमसर्व्हर परत टाकले. बंद पडलेल्या कंपनीचे! या धंद्यातला कुणीही शहाणा माणूस असं करणार नाही.

आज ती साइट कुठूनही उघडा, सापडत नाही. मावशीचा मात्र काल फोन आला होता. आभाळ येतंय, करडं आत घे, असं काका म्हणाले म्हणे. कारण मला आजही कळलेलं नाही. शोधायचंही सोडून दिलंय... शोधता शोधता हातून काही बदललं, तर मावशीला काय तोंड दाखवू?