शेवट ऐकणाऱ्याच्या तोंडून

सुलोचनाबाई ओहोळ यांची आणि माझी पहिली ओळख त्यांच्या रागातून झाली. बहात्तरच्या दुष्काळानंतर मी भूम तालुक्यातल्या या गावी शिक्षक म्हणून रुजू झालो. पहिल्याच महिन्यात तालुक्याचे साहेब शाळा पाहायला आले. शाळेचे पत्रे वादळात उडालेले होते. मी मोठ्या हौसेनं निवेदन लिहिलं, त्यात ‘सविनय’, ‘कृपावंत होऊन’ असं सगळं घातलं आणि उभं राहून खणखणीत वाचलं. साहेबांनी दोनदा जांभई दिली आणि चहा पिऊन निघून गेले.

जीप दिसेनाशी झाली तशा त्याच शाळेत मास्तरीण असलेल्या बाई माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. “गुरुजी, तुम्ही मागणी केली का पाढे म्हटले? पोरं उन्हात बसली होती. त्यातल्या एका पोरीला साहेबापुढं उभं करायचं. पाटी कशी तापती, ती काय करती, एवढंच सांगायचं. ते सोडून तुमचं सविनय अन् कृपावंत!” मी गोरामोरा झालो. कुणी इतक्या आपुलकीनं आजवर झापलं नव्हतं.

बाईंच्या गौरव समितीनं मला कळवलं आहे की, गौरव अंकातला लेख गोड असावा आणि वादग्रस्त उल्लेख टाळावेत. बाईंची षष्ट्यब्दी आहे आणि लेख गोड हवा! ज्यांना बाईंचा राग ठाऊक नाही, त्यांना बाई ठाऊक नाहीत. मीही आज रागातच लिहायला बसलो आहे. त्याचं कारण शेवटी येईल.

बाई गावाबाहेरच्या वस्तीवरच्या बौद्ध कुटुंबातल्या. त्या काळी शिकून मास्तरीण झाल्या, एवढ्यावर कुणीही समाधानानं बसलं असतं. बाई बसल्या नाहीत. सरकारी योजनेतून वस्तीवर म्हशी आल्या तेव्हा बायांना डेअरीत दूध घालायला त्यांनीच तयार केलं. दूध सोसायटी गावचीच आणि चेअरमन गावचे मोठे बागायतदार. वस्तीचं दूध घ्यायला त्यांनी नाही म्हटलं नाही. फक्त एक पद्धत पाडली. वस्तीच्या दुधाचा कॅन वेगळा, त्याला चुन्याचा पट्टा मारलेला, आणि तो गावाचं सगळं दूध घालून झाल्यावर बाहेर काढायचा. तोवर वस्तीच्या किटल्या पायरीखाली उन्हात ठेवायच्या. साहजिकच दूध नासू लागलं. मग सोसायटीनं वर तक्रार केली की, वस्तीचं दूध खराब असतं, ते बंद करावं. हे आठवलं की आजही माझं डोकं भणाणतं. आधी दूध नासवायचं आणि मग नासलं म्हणून ओरडायचं!

चौकशीला दूध संघाचे एक अधिकारी येणार असं कळलं. वस्तीवरच्या म्हशी राहणार की बाजारात जाणार, ते त्या एका सकाळी ठरणार होतं. मी म्हणालो, “बाई, जोरदार निवेदन लिहू. कायदा दाखवू.”

“कायदा त्याला माहीत हाय,” बाई म्हणाल्या. “त्याला सखू माहीत न्हाय.”

सखूबाई म्हणजे वस्तीवरची सर्वांत अबोल बाई. साहेबापुढं बोलायला तिलाच का निवडलं, हे मला कळेना. संध्याकाळी बाई तिला शिकवत होत्या ते मी ऐकलं. “आधी माणूस उभा कर. त्याला काय पायजे ते सांग. आडवं काय येतं ते सांग. अन् मग गप ऱ्हा. शेवट आपण सांगायचा न्हाय. आपण सांगितला तर ती तक्रार व्हती. ऐकणाऱ्याच्या तोंडून आला की तो त्याचा व्हतो, मग त्याला मागं सरता येत न्हाय. रडायचं न्हाय, कुणाचं नाव घ्यायचं न्हाय.” हे सांगताना बाईंचे डोळे रागानं लाल झालेले होते आणि आवाज मात्र शाळेत कविता शिकवतानाचा होता. आपला राग घडी घालून दुसऱ्याच्या हातात कसा द्यावा, हे मी तेव्हा पाहिलं.

अधिकारी डेअरीच्या ओट्यावर खुर्ची टाकून बसले. शेजारी चेअरमन होते आणि खाली गाव. सखूबाई उठली.

“साहेब, पहाटं म्या म्हस पिळते. दूध ऊन असतंय. तसंच घेऊन हितं येते. म्या लवकर येते, म्हंजी लवकर घरी जाऊन पोराला खाऊ घालंन. हितं माझी किटली पायरीखाली ठिवत्यात. गाव दूध घालतंय, म्या उभी. ऊन पायरीवर येतंय, मग किटलीवर येतंय. म्या पदर टाकते किटलीवर. मग तो पट्ट्याचा कॅन काढत्यात. तवर दूध...”

आणि ती गप्प झाली.

“तवर दूध काय?” अधिकाऱ्यांनी विचारलं. सखूबाई बोलेना. चेअरमननी घसा साफ केला. बाई मान खाली घालून बसल्या होत्या. शेवटी अधिकारी स्वतः उठले, पायरी उतरले आणि किटलीला हात लावला. हात चटकन मागे घेतला.

“अहो, पण आल्याबरोबर का घेत नाही? दोन कॅन कशाला?”

“साहेब, ती... गावची पद्धत आहे.”

“कसली पद्धत?”

चेअरमनना त्या पद्धतीचं नाव चारचौघांत घेता येईना. अधिकाऱ्यांनी तिथंच सांगितलं, आजपासून कॅन एक. सखूबाईंचं दूध अधिकाऱ्यांच्या देखत गावाच्या कॅनमध्ये पडलं. बाई त्या रात्री जेवल्या नाहीत, असं त्यांच्या सुनेनं मला नंतर सांगितलं. म्हणत होत्या, “एवढ्या साध्या गोष्टीला एवढी हुशारी का लागावी?”

बाईंच्या बाजूनं बसल्याबद्दल माझी बदली झाली. ती रद्द करायला मी जिल्ह्याला, उस्मानाबादला गेलो, तर बाई रजा टाकून माझ्याआधी शिक्षण खात्याच्या ऑफिसच्या बाकावर हजर! भाकरीचं गाठोडं मांडीवर होतं. मी म्हटलं, “बाई, तुम्ही बोला.” तर म्हणाल्या, “तुमची गोष्ट तुम्हीच सांगा. मी हितं बसते.” दिवसभर बसल्या. बाईंनी शिकवल्याप्रमाणे मी सांगितलं, योग्य जागी थांबलो. साहेब म्हणाले, “बरं, मग निघा आता.” परतताना बसमध्ये बाई म्हणाल्या, “गोष्ट चांगली झाली. साहेबच नालायक निघाला.” त्या एका वाक्यावर मी बदलीच्या गावी कितीतरी दिवस काढले.

आता माझ्या रागाचं कारण. मागल्या वर्षी डेअरीच्या नव्या इमारतीचं उद्घाटन झालं, मीही मुद्दाम आलो होतो. चेअरमन तेच आहेत. भाषणात त्यांनी एका गरीब बाईची किटली उभी केली, तिच्यावर ऊन आणलं, पदर आणला, आणि म्हणाले, “त्या दिवशी मी ठरवलं, माझ्या गावात दोन कॅन राहणार नाहीत!” टाळ्यांचा कडकडाट झाला. बाई खाली सतरंजीवर बसल्या होत्या. मला म्हणाल्या, “मांडणी बरी जमली त्याला.” पण त्यांची मूठ पदरात आवळलेली मी पाहिली.

हेच चेअरमन आज गौरव समितीचे अध्यक्ष आहेत. म्हणून बाईंच्याच रीतीनं एक गोष्ट सांगतो. वस्तीवर सखूबाई राहतात. गावाच्या कॅनमध्ये त्या रोज दूध घालतात. त्यांना सोसायटीच्या संचालक मंडळावर बसायचं आहे. दर निवडणुकीला त्या विचारतात, दर वेळी ‘पुढच्या खेपेला बघू’ असं उत्तर येतं. वस्तीतलं कुणी आजवर त्या खुर्चीवर बसलेलं नाही. गौरवाच्या दिवशी सखूबाई सकाळी दूध घालून सतरंजीवर येऊन बसतील. व्यासपीठावर चेअरमनसाहेब शाल हातात घेऊन उभे राहतील. बाई शालीकडे बघतील, मग सखूबाईंकडे बघतील, आणि मग...

मी इथं थांबतो. हा शेवट चेअरमनसाहेबांनीच सांगायचा आहे. तो ऐकायला मिळेपर्यंत बाईंना ठणठणीत आयुष्य लाभो, आणि त्यांचा राग तसूभरही कमी न होवो. बाईंना गप्प बसून वाट पाहता येते. गावानं ते एकदा पाहिलेलं आहे.