तबस्सुमच्या ताटात जेवलेल्या मुली

सराव पाठासाठी जालन्यातल्या एका शाळेत सातवीच्या वर्गावर उभी होते. फळ्यावर नुकतं धड्याचं नाव लिहिलं होतं. दाराशी आमच्या वसतिगृहाच्या रेक्टर मॅडम आल्या आणि म्हणाल्या, "तबस्सुम वारली गं." मी म्हणाले, "नाही मॅडम, तिचा पुढच्या तासाला पाठ आहे." खरंच होता. आदल्या संध्याकाळी तिला ताप आला, डोकं ठणकत होतं, मान वळत नव्हती, म्हणून तिला दवाखान्यात नेलं होतं. बी.एड.च्या मुलींना पाठाच्या आदल्या दिवशी ताप येतोच, असं आम्ही हसत म्हणालो होतो. तीही हसली होती… काही आठवडे झाले, मी अजून त्या फळ्यापाशीच उभी आहे.

मी वडीगोद्रीची. आमच्या घरात पदवीपर्यंत पोहोचलेली पहिलीच. वडील माळकरी, घरात कांदा-लसूणसुद्धा विचारून यायचा. तबस्सुम परतूरची, तिचे अब्बा गाद्या-रजया भरतात. वसतिगृहात माझ्या शेजारची कॉट तिची. पहिल्याच दिवशी मी तिची बाटली घेतली आणि आमच्या सवयीप्रमाणे वरून, तोंड न लावता पाणी प्यायले. अर्धं अंगावर सांडलं. ती म्हणाली, "अगं, पाणी पिऊन राह्यली का मोटार धुऊन राह्यली?" दर सोमवारी ती सकाळच्या गाडीने परतूरहून यायची, सोबत अम्मीने दिलेला मोठा डबा. खिचडी, चिंचेचं खट्टं, तळलेल्या मिरच्या. "घाबरू नका, खिमा घरीच ठेवून आले," हे पहिलं वाक्य. दोन कॉटच्या मधे एक परात, आणि तिच्यात आम्हा सगळ्यांचे हात. फक्त शेजारच्या खोलीतली वैशाली आपलं ताट, आपली चटणी घेऊन बाजूला बसायची. तबस्सुम तिला म्हणायची, "ताट वेगळं ठेव बाई, पण आमच्या गप्पा तेवढ्या उष्ट्याच खातीस." वैशाली लाजायची, पण बसायची तिथेच.

एकदा माझ्या पाठात "न्हाई" तोंडातून गेलं म्हणून निरीक्षकांनी गुण कापले. मी खोलीत येऊन रडले. तबस्सुम म्हणाली, "मुलं समजली का? समजली ना? मंग! तू जालन्यात शिकवून राह्यली, लंडनमधी न्हाई." आणि तोच पाठ तिने माझ्याकडून पुन्हा घेतला, स्वतः सर्वांत वांड पोरगा होऊन. पुढच्या पाठाला मला पहिल्यांदा चांगला शेरा मिळाला. शिक्षिका म्हणून मी जी काही होईन, त्यातला बराच भाग तिचा आहे.

तिला परतूरला दफन केलं त्याच दिवशी वसतिगृहातली आणखी एक मुलगी तापाने फणफणली. ती वाचली, पण डॉक्टर म्हणाले, हा मेनिंजायटिस आहे, उष्ट्यातून, खोकल्यातून पसरतो. गोळ्या सगळ्यांना मिळाल्या. लस मात्र बाहेरून विकत आणावी लागणार होती, आणि ती महाग. दुसऱ्या दिवशी पालकांना सभागृहात बोलावलं. किंमत ऐकून माझ्या वडिलांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. प्राचार्य म्हणाले, "संस्था फक्त तबस्सुमच्या निकट संपर्कातल्या मुलींचा खर्च करू शकते. बाकीच्यांचा पालकांनी बघावा." मागून कुणीतरी म्हणालं, "त्यापरीस पोरीची वळकटी बांधा अन् चला घरी." मला धडकी भरली. गावी गेलेली मुलगी परत येत नाही, तिला स्थळ येतं.

मग डॉक्टरांनी विचारलं, "तिच्या ताटात कोण कोण जेवत होतं? हात वर करा."

एकही हात वर झाला नाही. लस त्याच हातांना मिळणार होती, आणि शेजारी आया बसल्या होत्या, बाप बसले होते. मुसलमानाच्या घरचं, तेही एका ताटात! डॉक्टर वैतागले. त्यांनी तबस्सुमच्या अम्मीलाच फोन लावला आणि स्पीकर सुरू करून तोच प्रश्न विचारला. लेकीला माती देऊन एक दिवस झाला होता… मला वाटलं, त्या रडतील. त्या म्हणाल्या, "नाम नक्को पूछो, साब. बच्चियों के माँ-बाप बैठे होंगे. मेरा डब्बा खाली आता था. इत्ता एक छोरी खाती क्या? सबको सुई दे दो."

माझे वडील समोर बघतच म्हणाले, "वर कर की हात. भुकेल्या पोटानं खाल्लंच असंल." मी हात वर केला. मग एकेक करत सगळे वर गेले, वैशालीचासुद्धा. प्राचार्य मोजायला लागले आणि मधेच थांबले. त्यांनी तिथूनच नवीन जालन्यातल्या व्यापाऱ्यांना पैशांसाठी फोन केले. लस आली, सगळ्यांना मिळाली. म्हणजे लस होती. पैसेही होते. हे आठवलं की मी आजही हादरते.

मागच्या आठवड्यात अम्मी तिचं सामान न्यायला आल्या. तिच्या कॉटवर बसल्या, पेटीला हात लावला नाही. माझा डावा दंड धरून म्हणाल्या, "यहाँ लगी? दुखा क्या?" मग दुसरीचा, तिसरीचा. आम्ही बाह्या वर करून त्यांच्यापुढे रांगेत उभ्या राहिलो. शेवटी वैशाली. तिने बाही धरूनच ठेवली आणि हुंदका देत म्हणाली, "काकू, मी कधी खाल्लं नव्हतं हो."

अम्मींनी तिची बाही हळूच वर सरकवली. "तो क्या हुआ," त्या म्हणाल्या. "लगी ना?"