मोजणीची काच

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलांना नाही. देवळात कौल लावायला जायचो तेव्हाही गुरवापुढे दुसरंच काहीतरी विचारायचो — म्हशीचं, थोरल्याच्या नोकरीचं. हे नाही. तुम्ही म्हणाल, आता वय झालं, त्या वेळची माणसं गेली, म्हणून याची जीभ सैल झाली. तसंही नाही. अजून जड जातंय. आधी थोडं आजूबाजूचं सांगतो. चालेल ना?

गोवा मोकळा झाला त्यानंतरची दोन-तीन वर्षं. मालवणात बंदराकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक धर्मादाय दवाखाना होता — आता ती इमारतही नाही. तिथे मी रक्त-लघवी तपासायचो. मूळचा मी पिंगुळीचा. कोल्हापुरात सहा महिने राहून हे काम शिकलो होतो. खिडकीपाशी टेबल, टेबलावर मायक्रोस्कोप, त्याच्या खाली लहानसा आरसा. आरशात आभाळाचा उजेड धरायचा आणि बघायचं. नोकरी हंगामी होती. गणपतीपर्यंत कायम करू, असं डॉक्टर म्हणाले होते. हे मी सबब म्हणून सांगत नाही. तुमच्या मनात येईल, म्हणून सांगतो.

त्या वर्षी आमच्याकडे भामा आली. आचऱ्याची. नवरा होडीवर जायचा, सासू मालवणच्या बाजारात मासळी विकायची, आणि घरात दोन वर्षांची मुलगी. भामाचं दुसरं बाळंतपण फिसकटलं होतं. पोटात मूल नव्हतंच, द्राक्षांच्या घोसासारखं काहीतरी वाढलं होतं. ते काढून टाकलं. पण पुढे काही महिन्यांनी ती खोकायला लागली, आणि खोकल्यातून रक्त. मुंबईच्या मोठ्या इस्पितळात नेलं तेव्हा कळलं — गर्भाशयात रुजलेला एक विरळा कॅन्सर, फुप्फुसांपर्यंत पोचलेला. त्या काळी अशी बाई हातची गेली म्हणूनच धरायचे.

पण त्या इस्पितळात आमच्या डॉक्टरांचे एक वर्गमित्र होते, आणि ते दोन औषधं एकत्र देऊन बघत होते. एक गोळी, एक शिरेतलं इंजेक्शन. दोन्ही पिवळी. एकेकटं औषध परदेशात वापरात आलं होतं. दोन्ही मिळून काय करतील, हे कुणालाच नीट ठाऊक नव्हतं. भामा त्यांच्या पहिल्या काही बायकांपैकी. औषध लागू पडतंय का हे बघायची रीतही तेव्हा वेगळीच होती. बाईची लघवी बेडकाला टोचायची, आणि बेडकात काय फरक पडतो त्यावरून रोग अंगात आहे की नाही ते ठरवायचं. भामाला याचं फार हसू यायचं. "मुंबैचे डाक्टर माझा मूत बेडकाक टोचतत," ती मला म्हणाली होती, "मगे बेडूक त्यांका सांगता माझी तब्येत."

मुंबईत औषधाच्या दोन फेऱ्या झाल्या. खोकल्यातलं रक्त थांबलं, बेडकानेही चांगलं सांगितलं. पण रोग मुळापासून जायला आणखी चार-पाच फेऱ्या हव्या होत्या, आणि भामा तिथे राहीना. "चेडू माका विसारतलां," एवढंच म्हणायची — पोरगी आपल्याला विसरेल. शेवटी ठरलं की पुढच्या फेऱ्या मालवणात द्यायच्या — पाच दिवस औषध, मग काही आठवडे विश्रांती. अट एकच. प्रत्येक फेरीआधी रक्तातल्या पांढऱ्या पेशी मोजायच्या आणि आकडा मुंबईला तारेने कळवायचा. आकडा तीन हजारांच्या खाली असेल तर औषध द्यायचं नाही. हा नियम डॉक्टरांनी लाल शाईत लिहून माझ्या टेबलापुढच्या भिंतीवर चिकटवला होता.

पांढऱ्या पेशी म्हणजे अंगातले राखणदार. ते औषध रोगाला मारतं, तसं राखणदारांनाही मारतं. राखणदार पुरेसे नसताना औषध दिलं, तर तोंडात, आतड्यात, रक्तात — जिथून वाट मिळेल तिथून मरण आत शिरतं. म्हणून मोजायचं. कळतंय ना? ते काम माझं होतं. दुसऱ्या कुणाचं नव्हतं.

मोजायला एक खास काच असते. जाडसर, बोटाएवढी, तिच्यावर केसाहून बारीक रेघांचे चौकोन कोरलेले. रक्त पातळ करून त्यावर सोडायचं, चौकोनांतल्या पेशी मोजायच्या आणि गुणाकार करायचा. मालवणात पहिली फेरी दिली तेव्हा मी नीट मोजल्या. चार हजार शंभर. भामाने विचारलं, "मास्तरानु, आज बरे आसत मा?" मी रक्त मोजतो म्हणून ती मला मास्तर म्हणायची. मी म्हटलं, बरे आहेत.

त्यानंतर आठवड्याभराने ती काच माझ्या हातून फुटली.

मोरीवर धूत होतो. साबणाचा हात. दगडावर आपटली, आणि बरोबर चौकोनांवरून चीर गेली. सांगायचं होतं — उठून पाच पावलं चालून डॉक्टरांच्या खोलीत जायचं आणि सांगायचं, काच फुटली. यात काय होतं हो? मुंबईहून दुसरी मागवली असती. मालवणला यायला दिवस लागले असते, तेवढी भामाची फेरी पुढे गेली असती. पण माझ्या आधी त्या टेबलावर जो होता, त्याला निष्काळजीपणापायी घरी पाठवलं होतं, हे मला ठाऊक होतं. मी काच कापसात गुंडाळून खणात मागे सारली. मुंबईच्या एका दुकानाला गुपचूप पत्र टाकलं, तशीच काच पाठवा म्हणून. आणि ठरवलं, तोवर निभावून नेऊ.

निभावून नेऊ. काच आली नाही, भामाची मालवणातली दुसरी फेरी आली. मी तिच्या बोटाला सुई टोचली, रक्त घेतलं, मायक्रोस्कोपला डोळा लावून बसलो — खाली काहीच नव्हतं, रिकामी काच होती. थोडा वेळ बसून उठलो आणि लिहिलं, चार हजार चारशे. तार गेली. औषध दिलं. भामाचे केस गळले, तोंड थोडं आलं, पण ती उठून बसली, तरीच्या होडीतून खाडी ओलांडून घरी गेली. काही झालं नाही. काही झालं नाही, याचाच मला धीर आला.

हे तुम्हाला वाईट वाटलं असेल. पण मी जे लपवलं ते हे नव्हे. हे मी एखाद्या वेळी कुणाला सांगूनही टाकलं असतं — तरुणपणीची चूक म्हणून. खरं पुढे आहे.

तिसऱ्या फेरीला भामा आली ती नवऱ्याच्या खांद्याला धरून. पावसाळा भर होता, मुंबईची बोट बंद, काचेचाही पत्ता नव्हता. ओठांच्या कोपऱ्यांना पांढरे चट्टे, गिळताना त्रास. डॉक्टरांनी तिचं तोंड बघितलं आणि ते माझ्या टेबलापाशी आले. "मला हे बरं दिसत नाही," म्हणाले. "नीट मोज. आकडा बघूनच ठरवू."

त्या दिवशी मला भीती वाटली. खरंच वाटली. म्हणून मी साध्या काचेवर तिच्या रक्ताचा पातळ थर ओढला, रंग दिला आणि बघितला. तशा थरावरून आकडा निघत नाही, पण शिकलेल्या डोळ्याला अंदाज येतो. माझा डोळा शिकलेला होता. मी काच सरकवत गेलो. तांबड्या पेशी, तांबड्या पेशी. एक पांढरी दिसली. मग बराच वेळ काहीच नाही. पुन्हा सरकवली. काही नाही. शेतात बी पेरलंच नाही असं वाटावं, इतकं रिकामं. नियमाच्या कितीतरी खाली. मला ते दिसलं. मी ते पाहिलं.

आणि मी लिहिलं — चार हजार सहाशे.

का? एवढी वर्षं हाच प्रश्न उलटसुलट करतोय. खरा आकडा लिहिला असता, तर डॉक्टर म्हणाले असते, एवढे उतरले कसे? माझ्यापुढे पुन्हा मोज. आणि खण उघडला गेला असता. बस, एवढंच. दोन दिवस मान खाली घालावी लागली असती. माझ्या कागदावर भामा फेरीगणिक सुधारत होती, आणि तो कागद मला भामापेक्षा जवळचा झाला होता.

डॉक्टरांनी आकडा वाचला. पुन्हा भामाचं तोंड बघून आले. मग म्हणाले, "तोंड आलंय, पण पेशी चांगल्या आहेत. देऊ या." त्यांचा हात आखडला होता, तो मी सोडवला.

चौथ्या दिवशी तिला ताप चढला. हिरड्यांतून रक्त, नडग्यांवर बारीक लाल ठिपके. तोंड असं सुजलं की पाणी घालवेना. रस्त्याने कोल्हापूरमार्गे मुंबई — त्या अवस्थेत ती गाडीत टिकली नसती. डॉक्टर धावत माझ्याकडे आले. आता मोज, म्हणाले. मी पुन्हा थर ओढला आणि या वेळी खरं सांगितलं. "जवळजवळ नाहीतच, डॉक्टर."

"चार दिवसांत? चार हजार सहाशेवरून?" त्यांनी माझा कागद पुढे ओढला. "त्या दिवशीचा आकडा बरोबर होता ना रे?"

इथे माझ्यापुढे दार उघडं होतं. तो प्रश्न रागाचा नव्हता, अजिजीचा होता. मी म्हटलं, "होय, डॉक्टर. दोनदा मोजल्या होत्या."

सातव्या दिवशी भर दुपारी भामा गेली. मुलीला आणलं होतं. ती ओसरीवर दवाखान्याच्या मांजराशी खेळत होती. नऊ दिवसांनी टपालाने नवी काच आली. मी ती धुतली आणि जुन्या डबीत ठेवली. फुटकी मागच्या माडाच्या आळ्यात पुरली. कुणाला काही कळलं नाही.

डॉक्टरांनी मुंबईला लांबलचक पत्र लिहिलं. पेशी पुरेशा असताना, सगळे नियम पाळून दिलेल्या औषधाने बाई चार दिवसांत खचली, असं. पत्रावर पत्ता मी लिहिला. उत्तर आलं ते फायलीला लावताना मी वाचलं — मालवणच्या प्रकारानंतर आम्ही दोन्ही औषधं एकत्र देणं थांबवलं आहे.

पुढच्या वर्षी दोडामार्गाकडची एक बाई आमच्याकडे आली. तोच रोग, तेच इस्पितळ. तिला एकटी गोळी चालू होती. दर फेरीआधी तिचं रक्त मी मोजलं — नव्या काचेवर, दोनदा, तीनदा. पेशी नेहमी भरपूर. रोग मात्र एकट्या गोळीला दबला नाही. काजूच्या हंगामात तिचा नवरा एकटाच आला, उरलेल्या गोळ्या परत द्यायला. आणखी किती जणी? मुंबईला कोण कोण आलं, कुणाला एकच औषध मिळालं — मला ठाऊक नाही. बऱ्याच वर्षांनी वर्तमानपत्रात वाचलं की हा रोग आता औषधं एकत्र देऊन पुष्कळदा पूर्ण बरा होतो. तो कागद मी चार घड्या करून खिशात ठेवला आणि संध्याकाळी चुलीत घातला.

डॉक्टरांनी मात्र भामाचं मरण स्वतःच्या हिशेबी धरलं. "तिचं तोंड बघूनही मी औषध देऊन बसलो," असं एकदा माझ्या देखत म्हणाले. त्यानंतर कुणाला शिरेतलं इंजेक्शन द्यायचं तर ते आधी माझा आकडा दोनदा वाचायचे. मला त्यांनी शब्दाप्रमाणे गणपतीआधी कायम केलं. ते गेले तेव्हा मी त्यांच्या उशाशी होतो. बोललो नाही.

आता एकच राहिलं. भामाची सासू.

भामाचं बारावं झाल्यावर ती दवाखान्यात आली. भामासाठी दिलेला दवाखान्याचा पेला परत करायला. पेला माझ्या टेबलावर ठेवला आणि उभीच राहिली. मग म्हणाली, "झिला, तू शिकलेलो आसस. माका एक सांग. हय येवच्या आदल्या दिसा मियां तिका बांगड्याचा तिखला वाढलंय. तिचा तोंड आधीच आयलेला. ती नको म्हणी होती, मियांच आग्रेव केलंय — अंगात ताकद येवंदे म्हणान. त्या तिखटानच सगळा झाला काय रे?"

नाही, एवढं म्हणायचं होतं. आये, त्याचा काही संबंध नाही. एवढं म्हणायलाही मला काच फुटल्याचं सांगावं लागलं नसतं. पण माझ्या मनात आलं — हिने असंच धरलं, तर कुणी दुसरं काही शोधणार नाही. मी म्हटलं, "तसं नक्की काही सांगता येत नाही."

तिने मान हलवली, पदर डोक्यावरून ओढला आणि गेली. त्या दिवसापासून तिने मासे खाल्ले नाहीत, तिखटाला शिवली नाही. रोज बाजारात पाटी घेऊन बसायची, बांगडे विकायची, आणि घरी जाऊन पेज आणि मीठ. नात तिनेच वाढवली. अकरा वर्षं हे चाललं. मी बाजारात जायचो तो दुसऱ्या टोकाने.

ती वारली तेव्हा तेराव्याला मी आचऱ्याला गेलो होतो. भामाचा नवरा सगळ्यांना सांगत होता, परका माणूस असून यांनी एवढी आठवण ठेवली. मला पहिल्या पंगतीत बसवलं. मी जेवलो, आणि दुपारच्या गाडीने परत आलो.