फुग्याची बाही आणि माझे खांदे

काकूंच्या घरी कागद कधी चुकत नसे. चुकायचं ते अंग.

कॉलेजसाठी यवतमाळला आले तेव्हा मी त्यांच्या मागच्या खोलीत भाड्याने राहायचे. त्यांच्या स्वयंपाकघरात एका खिळ्याला खाकी कागदांचा जुडगा टांगलेला असे. लग्नाआधी टेलरिंग क्लासमध्ये त्यांनी स्वतःच्या मापाने कापलेले ते ब्लाउजचे खाके होते. बोटनेक, चायनीज कॉलर, फुग्याची बाही. कोणी नव्या फॅशनचं नाव काढलं की त्या खिळ्याकडे बोट दाखवत, "हे सगळं इथूनच गेलं आहे." कुठे गेलं, कसं गेलं, हे विचारायची माझी हिंमत नव्हती. काकांचीही नसावी.

खरं सांगायचं तर काकू शिवत कमी आणि आखत जास्त. मंगळवारी कापडाला कात्री लावायची नाही, शनिवारी नाही, अमावास्येला तर नावच नको. उरलेल्या दिवशी पाहुणे येत. त्यामुळे त्यांचे बरेचसे ब्लाउज बोलण्यातच शिवून होत, आणि तिथे ते उत्तम बसत.

दुसऱ्या वर्षी गॅदरिंगमध्ये रेट्रो डे ठरला आणि सूत्रसंचालन माझ्याकडे आलं. मुकुटबनकडच्या आमच्या तांड्यातल्या घरातून कॉलेजात आलेली मी पहिलीच; माइक तर मी लांबूनच पाहिलेला. याडीने, म्हणजे माझ्या आईने, वणीहून साडी घेऊन पाठवली. ब्लाउजपीस तेवढा एकच. त्यावर कात्री चुकली असती तर मी स्टेजवर कशी उभी राहणार होते, मला ठाऊक नव्हतं.

"काहून घाबरून राह्यली? मी आहे नं," काकू म्हणाल्या.

मी त्यामुळेच घाबरले होते.

आधी वर्तमानपत्रावर करून पाहायचं ठरलं. फुग्याच्या बाहीचा खाका ठेवून त्यांनी पेपर कापला आणि टाचण्यांनी माझ्या अंगावर जोडला. खांद्यावर तो टर्रकन फाटला. दुसरा कापला, तोही फाटला. लहानपणापासून पाणी आणि कापसाची गाठोडी वाहून माझे खांदे जरा रुंदच आहेत.

"खांदे आत घे."

"ते आत जात नाहीत, काकू."

"काहून जात नाहीत? आमचे तर जात."

काका चष्मा पुसत आले. "अवो, आजचा पेपर कुठाय?"

"तिच्या पाठीवर. वाचून घ्या, मग फाडते."

काकांनी निमूटपणे माझ्या पाठीवरची कापसाच्या भावाची बातमी वाचली. "बेटा, जरा वळशील? उरलेली बाहीत गेली."

खाका बदलायचा प्रश्नच नव्हता, म्हणून काकूंनी मला बदलायला घेतलं. खांदे आखडून चालायचं, भात दुसऱ्यांदा घ्यायचा नाही. मीही ते मनापासून केलं. शिकलेल्या घरांत असंच करत असतील, असं मला वाटायचं.

एका संध्याकाळी मी खोलीत सूत्रसंचालनाचा सराव करत होते. काकू दारात येऊन उभ्या राहिल्या.

"आवाज काहून दबून राह्यला तुझा? दुसऱ्या रांगेतसुद्धा ऐकू जायचा नाही."

"खांदे आत घेतले की आवाजच निघत नाही, काकू."

त्या वळल्या. आत जाऊन खाका घेऊन आल्या, माझ्या पलंगावर पसरला आणि त्यावरून हात फिरवला.

"एवढीशी होती मी तेव्हा," त्या म्हणाल्या. "अन् बोलायचं तर कामच पडत नव्हतं."

मग त्यांनी तो खाका खांद्यापाशी उभा चिरला आणि मध्ये वर्तमानपत्राची पट्टी लावली. काकांनी न विचारता गोंदाची बाटली पुढे केली.

ब्लाउज बसला. गॅदरिंगला पहिली दोन वाक्यं मी अडखळले, मग आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला. पुढच्या रांगेत काकू आमच्या प्राचार्यांना सांगत होत्या, "बाही पाहा हो, बोलणं नंतर ऐका."

गेल्या वर्षी दोघंही मुलाकडे नागपूरला राहायला गेले. निघायच्या आदल्या दिवशी काकूंनी मला समोर उभं केलं, टेप लावला आणि कोऱ्या खाकी कागदावर माझ्या मापाचा खाका कापला. वर माझं नाव घातलं. गाडीत बसताना तो माझ्या हातात देऊन म्हणाल्या, "अंग वाढलं तर कागद वाढवजो. उपाशी नको राहू."